ख्रिस्ती गीतांचे कर्ते : सँकीच्या पेटीपासून टिळकांच्या अभंगापर्यंत

वऱ्हाडात भजनाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. ज्या मुलखात गाडगेबाबांचे कीर्तन रंगले आणि मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांची खंजिरी साऱ्या देशाला ऐकू गेली, तेथला माणूस भजन ऐकताना दोन गोष्टी सहज टिपतो. चाल कोणती, आणि शेवटी नाव कोणाचे? 'तुका म्हणे' आले की तुकोबा, 'एका जनार्दनी' आले की नाथ, 'तुकड्यादास' आले की आपले राष्ट्रसंत. कर्त्याचे नाव पदाच्या अंगातच विणलेले असते. पुस्तक हरवले, पाने फाटली, तरी गाणाऱ्याच्या तोंडी कर्ता जिवंत राहतो.

ख्रिस्ती मंदिरात गायिल्या जाणाऱ्या बहुतेक गीतांचे तसे नाही. तेथे नाव असलेच तर गीताच्या बाहेर, बारीक ठशात. गाणाऱ्याची नजर तिकडे जात नाही आणि ऐकणाऱ्याला तर ते दिसतच नाही. मी अकोल्याच्या एका ख्रिस्ती घरात वाढलो व मराठी हा विषय घेऊन अमरावतीस शिकत आहे. वसतिगृहातील मित्रांनी मला अनेकदा विचारले आहे, "तुमची ही गाणी मूळची इंग्रजांचीच ना?" विचारण्यात कुत्सितपणा नसतो, निव्वळ कुतूहल असते. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, तो असा की, ही गाणी मराठी आहेत की नाहीत? मराठीच्या विद्यार्थ्याला हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून या गीतांचे कर्ते कोण, ती आपल्याकडे कोणत्या वाटेने आली आणि आपल्या भाषेत कितपत रुजली, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मिशनांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात अमेरिकेतील 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' आणि यवतमाळकडे 'फ्री मेथॉडिस्ट' मिशन, अशी ढोबळ विभागणी सांगता येईल. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत पोरकी झालेली अनेक मुले मिशनच्या अनाथालयांत आली. इकडच्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास तेथून सुरू होतो. मिशनऱ्यांबरोबर बायबल आले, औषधाची पेटी आली आणि गाण्याची पेटीही आली.

अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन (१८४३-१९१९) हे स्वतःच गीतकार होते. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर जन्मलेल्या या धर्मोपदेशकाने शंभराहून अधिक गीते लिहिली, १८९१ साली आर. केल्सो कार्टर यांच्या सहकार्याने एक मोठे गीतपुस्तक काढले आणि १८९३ साली हिंदुस्थानासह पूर्वेकडील देशांचा दौरा केला. त्यांची गीते मला उपदेशाकडे अधिक झुकलेली वाटतात. शिकवण पक्की, पण गाणे तिच्या मागून चालते.

या काळातील गीतांना खरा पंख दिला तो आयरा सँकी (१८४०-१९०८) या गायकाने. सँकी पेनसिल्व्हेनियात सरकारी महसूल खात्यात नोकरीस होता. उपदेशक ड्वाइट मूडीने त्याचे गाणे ऐकले आणि त्याला आपल्याबरोबर घेतले. मूडी बोलायचा आणि सँकी लहानशा पेटीवर बसून स्वतः गायचा. कीर्तनकार आणि त्याचा झीलकरी यांची जोडी आपल्याला ठाऊकच आहे. फरक इतकाच की येथे झीलकऱ्याची कीर्ती कीर्तनकाराच्या बरोबरीने झाली. १८७३ साली इंग्लंडच्या दौऱ्यात सँकीने एक पातळ पुस्तिका छापली. ती वाढत वाढत बाराशे गीतांचा ग्रंथ झाली आणि इंग्रजी जाणणारे मिशनरी जेथे जेथे गेले तेथे तेथे पोहोचली.

जाता जाता पेटीविषयी एक गोष्ट. पायाने भाता मारायची विलायती पेटी आपल्याकडे आली आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मांडी घालून वाजवण्याजोगी हातपेटी बनवले. पुढे तीच पेटी कीर्तनात, तमाशात, नाट्यसंगीतात आणि भजनी मंडळात इतकी मुरली की आज तिला परकी म्हणणारा हास्यास्पद ठरेल. आकाशवाणीने मात्र १९४० साली तिला परकी ठरवून दाराबाहेर ठेवले होते. वाद्याला इतक्या सहजपणे नागरिकत्व मिळाले, गीतांना का मिळू नये?

सँकीच्या पुस्तकांतून ज्यांची गीते जगभर गेली त्यांच्यात फॅनी क्रॉस्बी (१८२०-१९१५) ही बाई अग्रगण्य होय. ती न्यूयॉर्क राज्यातली. सहा आठवड्यांची असताना तिची दृष्टी गेली. तिने आठ हजारांवर गीते रचली. मनात अनेक गीते एकाच वेळी जुळवून ठेवायची आणि मग लिहून घेणाऱ्याला सांगायची. प्रकाशक तिला एका गीताचे एक-दोन डॉलर देत. एकाच बाईच्या नावाने सारे पुस्तक भरलेले दिसू नये म्हणून तिची गीते जवळजवळ दोनशे टोपणनावांनी छापली गेली! तेव्हा जुन्या गीतपुस्तकातील दहा निरनिराळी नावे वाचून आपण दहा कवी समजावे आणि प्रत्यक्षात ती एकच आंधळी बाई निघावी, असे होऊ शकते.

तिच्याविषयी वाचताना मला आपले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आठवतात. माधानच्या या सत्पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच, नऊ महिन्यांच्या सुमारास गेली. ग्रंथ मात्र शंभरावर सांगितले, आणि तेही दुसऱ्यांच्या हातून लिहवून घेऊन. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. क्रॉस्बी पंच्याण्णव वर्षांच्या उंबरठ्यावर गेली, महाराज चौतिसाव्या वर्षीच गेले. पण दोघांच्या मृत्यूचे साल एकच, १९१५. दोघांचे विचारविश्व अगदी भिन्न होते, हे उघड आहे. परंतु डोळे नसलेल्या माणसाच्या मनात शब्द कसे साठत असतील, हा प्रश्न न्यूयॉर्कलाही तोच आणि माधानलाही तोच.

येशूला मित्र म्हणून हाक मारणारे एक गीत आपल्याकडे अंत्यविधीच्या वेळीही गातात आणि लग्नघरीही. त्याचा कर्ता जोसेफ स्क्रिव्हन (१८१९-१८८६) हा आयर्लंडचा. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची वाग्दत्त वधू बुडून मरण पावली. तो कॅनडात गेला. तेथेही ज्या मुलीशी लग्न ठरले ती आजारपणात गेली. पुढे तो अविवाहित राहिला आणि गोरगरिबांची कामे फुकट करीत राहिला. १८५५ च्या सुमारास दूर असलेल्या आजारी आईच्या सांत्वनासाठी त्याने हे पद्य लिहिले. ते छापून कीर्ती मिळवावी असे त्याच्या मनात नव्हते. परिणामी सँकीच्या पुस्तकात ते बराच काळ होरेशियस बोनार या दुसऱ्याच कवीच्या नावावर छापले जात होते. चाल दिली ती चार्ल्स कॉन्व्हर्स या वकिली करणाऱ्या संगीतकाराने, १८६८ साली. आपल्याकडील मुद्रिकेची पद्धत तेथे असती तर हा घोटाळा झाला नसता, असे मला राहून राहून वाटते.

होरेशिओ स्पॅफर्डची कथा प्रवचनातून पुष्कळांनी ऐकलेली असेल. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी 'व्हिल द्यु हाव्र' हे जहाज अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाले. स्पॅफर्डच्या चारही मुली गेल्या, पत्नी तेवढी वाचली. त्या दुःखातून त्याने शांतीचे गीत लिहिले. फिलिप ब्लिसने त्याला चाल दिली व त्या चालीला त्या बुडालेल्या जहाजाचेच नाव ठेवले. हा ब्लिस २९ डिसेंबर १८७६ रोजी ओहायोतील अ‍ॅश्टाब्युला येथे पूल कोसळून झालेल्या आगगाडीच्या अपघातात पत्नीसह मरण पावला. असल्या कथा व्यासपीठावर सांगताना साखर फार घातली जाते. तिची गरज नाही.

सगळीच परदेशी गीते अशी हृदयातून आलेली होती असेही नव्हे. बिशप रेजिनल्ड हीबर (१७८३-१८२६) याने १८१९ साली लिहिलेले एक प्रसिद्ध मिशनरी गीत घ्या. हिंदुस्थानला पाय लागण्यापूर्वीच त्याने त्यात पूर्वेकडील माणसांना मूढ ठरवून टाकले. गांधीजींनी १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना या गीतातील भावनेला आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. त्याच गांधीजींना न्यूमनने १८३३ साली लिहिलेले, अंधारात प्रकाशाची याचना करणारे गीत अत्यंत प्रिय होते. गीत परके की आपले, हे गाव पाहून ठरत नाही. ते माणसाशी कसे बोलते यावर ठरते.

आता भाषांतराकडे वळू. मराठीच्या विद्यार्थ्याला खरे खाद्य येथे आहे. इंग्रजी गीताची चाल आधी ठरलेली असते आणि मराठी शब्द तिच्यात मागून बसवायचे असतात. पहिली अडचण जागेची. देव, प्रभू, प्रीती, कृपा, पाप या अर्थाचे इंग्रजी शब्द एकेका उच्चारात संपतात. आपले शब्द गाताना दोन-दोन अक्षरांची जागा घेतात. शिवाय त्यांना विभक्तीची शेपटी लागते. म्हणजे आठ उच्चारांच्या ओळीत इंग्रजी कवी जेवढे सांगतो त्याच्या निम्मेच मराठीत मावते. मग भाषांतरकार एक तर अर्थ गाळतो किंवा शब्द चेंगरतो. दुसरी अडचण आघाताची. इंग्रजी छंद आघातावर चालतो, मराठी वृत्त ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर. चालीचा ठोका नेमका 'ला', 'ने', 'चा' अशा प्रत्ययावर पडला की मूळ शब्द दबतो आणि प्रत्यय आभाळाला भिडतो. ऱ्हस्व 'कृ' लांबवावा लागतो आणि दीर्घ 'पा' गिळावा लागतो. तिसरी अडचण यमकाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, म्हणून भाषांतरित गीतांत ओळीमागून ओळ 'तो', 'ते', 'तोस' अशीच संपत जाते आणि कान कंटाळतो.

आणखी एक गोष्ट चालीविषयी. ही गीते मुळात चार निरनिराळ्या स्वरांच्या मेळासाठी बांधलेली. आमच्या लहान मंडळ्यांत एक पेटी आणि सगळ्यांचा एकच सूर. मेळ गेला की चालीची हाडे उघडी पडतात. स्वर उड्या मारत जातात, तेव्हा गाणारे नकळत मधल्या जागा मींडेने भरतात आणि लय धिमी होते. मिशनऱ्यांना हा बेसूरपणा वाटला असेल. मला त्यात मराठी गळ्याने आपला हक्क बजावलेला दिसतो. सँकीच्या पठडीतील गीते जुन्या विलायती स्तोत्रांपेक्षा इकडे अधिक रुळली, त्याचेही कारण असेच आहे. त्यांत प्रत्येक कडव्यानंतर पालुपद असते. एकाने कडवे म्हणावे आणि सर्वांनी पालुपद उचलावे, ही रीत आपल्या भजनी मंडळाला शिकवावी लागत नाही.

परंतु मराठीत ख्रिस्ती गीत भाषांतरानेच सुरू झाले असे समजणे चूक होय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. आपण ते अभ्यासक्रमात वाचतो, पण ते गाण्यासाठी होते हे विसरतो. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सारे काही तेच आणि आख्यान मात्र बायबलातले.

या सर्वांवर कळस चढवला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण संस्कृतचे जाणकार आणि शीघ्रकवी होते. काही काळ ते नागपुरास होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलणे कवितेवरून निघाले आणि धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवले. ते गृहस्थ म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथॉडिस्ट मिशनचे. आपल्या यवतमाळकडे ज्या मिशनने मुळे धरली त्याच मिशनचे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. घरादारावर त्यामुळे काय कोसळले ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ज्यांनी वाचले असेल त्यांना मी निराळे सांगणे नको.

टिळक ख्रिस्ती झाले ते मराठी कविता बरोबर घेऊन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. आपली मंडळी परक्या चालींत, परक्या वळणाच्या मराठीत गाते याची त्यांना खंत होती. त्यावर त्यांनी लेख लिहून वाद घातला नाही, गीते लिहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आजही त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या अभंगाची बांधणी पाहावी. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे. दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक. चौथा चरण आखूड, उसासा टाकल्यासारखा. मघाशी सांगितलेल्या तिन्ही अडचणी येथे एका फटक्यात नाहीशा होतात, कारण येथे चाल भाषेला वाकवत नाही, भाषेतूनच चाल उगवते. क्रियापदाला शेवटी जाण्याची सक्ती राहत नाही. प्रत्ययावर ठोका पडला तरी तो खुपत नाही, कारण टाळाचा ठोका सर्व अक्षरांना सारखाच वागवतो. आणि काही अभंगांच्या शेवटी टिळक 'दास' अशी मुद्राही घालतात. नाव पुन्हा गीताच्या आत आले. 'तुकड्यादास' ऐकत वाढलेल्या वऱ्हाडी कानाला ते किती ओळखीचे वाटते, हे मी येथे अनुभवाने सांगतो.

टिळकांच्या या आग्रहाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या दृष्टीने हे धाडसच होते. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत निवर्तले. येशूचे ओवीबद्ध चरित्र 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, त्यांनी पुढे चौसष्ट अध्याय लिहून ते पूर्ण केले. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे जिने स्वतःच्या मनाशी झुंज दिली आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तिने हे काम पुरे करावे यात मला टिळकांइतकीच तिचीही थोरवी दिसते. आपण तिला गद्यलेखिका म्हणून ओळखतो. चौसष्ट अध्यायांची कवयित्री म्हणून तिचे नाव वर्गात क्वचितच निघते.

येथे मला आपल्या मराठी विभागापुढे एक गाऱ्हाणे मांडावेसे वाटते. टिळक आपल्याला शाळेपासून 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवले जातात. 'केवढे हे क्रौर्य'मधला पक्षी आपण सर्वांनी पाहिला आहे. पण त्यांचे अभंग मात्र 'धर्मप्रचाराचे साहित्य' या खणात टाकून तो खण बंद केला जातो. हा न्याय लावायचा तर तुकोबांची गाथा तरी कोठे ठेवावी? देवाशी भांडणे, रुसणे, लोळण घेणे, याला आपण एके ठिकाणी भक्तिकाव्य म्हणतो आणि दुसरीकडे प्रचार. २०२० सालच्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले तेव्हाही विरोधाचे सूर निघालेच. संमेलन झाले, फादर वसईच्या मराठीत बोलले आणि मराठीचे काही बिघडले नाही. टिळकांच्या एका अभंगाला तुकोबांच्या एका अभंगाशेजारी ठेवून, कर्त्याचे नाव झाकून, केवळ रचना म्हणून तपासावे, असा एक तास आपल्या वाङ्मय मंडळाने ठेवला तर मी ऋणी राहीन. टिळक प्रत्येक वेळी उजवे ठरतील असा माझा दावा नाही. त्यांची काही पदे सपाट आहेत आणि गोडवा कधी कधी अति होतो. पण तपासणी तरी व्हावी.

टिळक ज्या मिशनमध्ये आले त्या अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर महाराष्ट्राच्या संतकवींचीच चरित्रे व अभंग इंग्रजीत नेण्याचे काम हाती घेतले. १९२९ साली त्यांचा बहिणाबाईंवरील ग्रंथ निघाला. स्कॉटिश मिशनचे निकल मॅकनिकल यांनीही मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेले आणि त्यांबरोबर टिळकांचे एक पदही. हे पद पुढे विलायतेतील उपासनेच्या गीतपुस्तकांत गेले आणि तेथील मंडळ्या ते गाऊ लागल्या. म्हणजे मघाची वाट आता उलटी झाली. इंग्रजी चालीत बसवायचे म्हणून मॅकनिकल यांना ते आठ, सहा, आठ, सहा उच्चारांच्या साच्यात घालावे लागले. त्या पानावर चालीच्या नावाशेजारी बारीक ठशात छापलेले असते, नारायण वामन टिळक.